वऱ्हाडचा कापूस आणि संशोधनाच्या सीमा
(बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात काही अलीकडच्या ग्रंथांचे परीक्षण)

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला जागतिक इतिहासलेखनात मोठे स्थान प्राप्त झाले आहे. लक्ष्मण सत्या यांचा 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हा ग्रंथ १९९७ साली दिल्लीहून प्रसिद्ध झाला. माइक डेव्हिस यांनी २००१ मधील 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स' या ग्रंथात सत्यांचा आधार घेतला आणि वऱ्हाडचा दुष्काळ चीन व ब्राझील येथील दुष्काळांच्या पंक्तीस आणून बसविला. स्वेन बेकर्ट यांच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) या बहुचर्चित ग्रंथात खामगावचे नाव मँचेस्टर व लिव्हरपूल यांच्या बरोबरीने येते. क्रिस्टोफ डेयुंग यांनी व्होल्कार्ट ब्रदर्स या स्विस व्यापारी पेढीचा इतिहास २०१३ साली जर्मन भाषेत लिहिला व २०१८ मध्ये तो इंग्रजीतही आला. त्यातही वऱ्हाडच्या बाजारपेठांचा विचार आहे. दुसऱ्या बाजूस, हिंदुस्थानातील दुष्काळ मानवनिर्मित होते हे गृहीतच तीर्थंकर रॉय यांनी २०१६ च्या एका निबंधात तपासावयास घेतले आहे.

हे सर्व लेखन वऱ्हाडच्या अभ्यासकास अभिमान वाटावा असे आहे. परंतु अभिमान हा परीक्षणाचा पर्याय होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे संशोधन ज्या सरकारी दप्तरावर मुख्यतः उभे आहे त्या दप्तराच्या तीन सीमा त्यातील निष्कर्षांतही उतरल्या आहेत. पहिली जिल्ह्याची, दुसरी कायद्याची व तिसरी खात्याची. या तीन सीमा ओळखल्याशिवाय त्या निष्कर्षांचा उपयोग आजच्या बुलढाणा जिल्ह्यासाठी करू जाणे धोक्याचे आहे. आणि तसा उपयोग तर सर्रास होत आहे.

प्रथम या ग्रंथांचे श्रेय नमूद केले पाहिजे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरला तेथील कापूस मिळेनासा झाला. आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या गिरणीमालकांचे लक्ष लागले. सत्यांनी या घटनाक्रमाच्या मागे जाऊन गावाच्या अर्थव्यवस्थेत काय बदलले ते पाहिले. गायराने व रान सरकारी बंदोबस्तात गेल्याने गुरांची आबाळ कशी झाली, कापसाखालील क्षेत्र वाढताना अन्नधान्याचा साठा कसा आटला, हे त्यांनी दाखविले. गुरांचा प्रश्न त्यांनी पुढे २००४ च्या 'इकॉलॉजी, कलोनियॅलिझम अँड कॅटल' या ग्रंथात स्वतंत्रपणे हाताळला. बैलाची अवस्था ही शेतकऱ्याच्या अवस्थेची मोजपट्टी आहे हे त्यांनी ओळखले, आणि हे त्यांचे मोठे योगदान आहे. बेकर्ट यांनी हाच इतिहास उलट्या दिशेने, म्हणजे बाजारपेठेकडून शेताकडे येत, वाचला. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांचा पत्रव्यवहार, १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आलेला लोहमार्ग, त्याच वर्षी तेथे उघडलेली व्होल्कार्टची आडत या गोष्टी एका सूत्रात ओवून, राज्यसत्ता व भांडवल यांनी मिळून शेतीचे रूप कसे पालटले हे त्यांनी मांडले.

आता पहिली सीमा. खामगाव हे नाव आज बुलढाणा जिल्ह्याशी इतके निगडित आहे की, एकोणिसाव्या शतकात ते या जिल्ह्यात नव्हतेच ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या काळच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर व मलकापूर हे तीनच तालुके होते. खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यात मोडत. १९०५ च्या पुनर्रचनेत ते बुलढाण्यास जोडले गेले व जिल्ह्याचे क्षेत्र ८५३ चौरस मैलांनी वाढले. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ अशी आढळते. तीच गणना वाढीव क्षेत्रास लावली असता ६,१३,७५६ होते. पुनर्रचनेकडे न पाहता १८९१ चा आकडा जुन्या जिल्ह्याचा व १९०१ चा आकडा नव्या जिल्ह्याचा घेतला तर दुष्काळाच्या दशकात लोकसंख्या वाढली असा विपरीत निष्कर्ष निघेल. वस्तुस्थिती अशी की, जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत सुमारे बारा टक्क्यांनी घटली. संपूर्ण वऱ्हाडची सुमारे २९ लाखांवरून २७॥ लाखांवर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास घटली.

हा केवळ आकड्यांच्या जुळणीचा प्रश्न नाही. बुलढाण्याच्या माणसाला जिल्ह्याचे दोन भाग बोलण्यातूनच ठाऊक असतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन. कापूस मुख्यतः तेथला. घाटावर चिखली-मेहकरकडे हलक्या व मध्यम जमिनी, ज्वारी आणि गहू. जुन्या बुलढाणा जिल्ह्यातील एक मलकापूर वगळता सारा मुलूख घाटावरचा होता. तेव्हा असे दिसते की, ज्या जिल्ह्यात कापसाचे प्रमाण तुलनेने कमी होते त्या जिल्ह्याची लोकसंख्या दुष्काळात प्रांताच्या सरासरीहून दुपटीने घटली. कापूस वाढला म्हणून अन्न कमी पडले आणि म्हणून माणसे मेली, या सत्यांच्या कारणमालिकेशी ही गोष्ट सहजी जुळत नाही. कदाचित घाटावरच्या मजुरांचे पोट घाटाखालच्या हंगामावर अवलंबून असेल. कदाचित रेल्वेपासून दूर असल्याने धान्य तेथवर पोचले नसेल. कदाचित माणसे मेली नसून निजामाच्या मुलखात स्थलांतरित झाली असतील. यांपैकी पहिले कारण सत्यांच्या बाजूने जाईल व दुसरे रॉय यांच्या. सत्या संपूर्ण वऱ्हाड हे एकच एकक धरतात, त्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. परंतु त्यांचे निष्कर्ष जिल्ह्याला लावणाऱ्या अभ्यासकापुढे तो उभा राहतो, आणि त्याचे उत्तर तालुक्याच्या पातळीवर उतरल्यावाचून मिळणार नाही.

खामगावच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक इतिहासाच्या ग्रंथांत खामगाव जणू १८७० च्या आगगाडीबरोबर अवतरते. तेथील पेठ मात्र १८२० च्या सुमारास सुरू झाली असे जुने गॅझेटियर सांगते. तूप, सूत व थोडा कापूस असा तिचा आरंभीचा व्यापार होता. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे. तेव्हा इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच येथे कापसाचा दूरचा व्यापार, आडत, दलाली व त्यांना लागणारे भांडवल अस्तित्वात होते. डेयुंग यांनी याच मुद्द्यावर बेकर्ट यांच्या चित्रात महत्त्वाची भर घातली आहे. युरोपीय पेढ्यांना देशी दलाल व व्यापारी यांच्या मध्यस्थीवाचून अंतर्भागात व्यवहार करता येत नव्हता, हे त्यांनी व्होल्कार्टच्या विंटरथूर येथील दप्तरावरून सिद्ध केले. परंतु विंटरथूरच्या दप्तरातून दलालापर्यंतच दिसते. दलालाच्या पलीकडे गाडी घेऊन उभा असलेला शेतकरी, त्याने उचललेली रक्कम, मापात व वटावात त्याच्याकडून कापले गेलेले पैसे हे सारे खामगाव-मलकापूरच्या पेढ्यांच्या खतावण्यांत असणार. आणि त्या मोडी लिपीत आहेत.

दुसरी सीमा कायद्याची. वसाहतकालीन कायदा व अर्थव्यवहार यांच्या संबंधावर अलीकडे चांगले काम झाले आहे. तीर्थंकर रॉय व आनंद स्वामी यांचा 'लॉ अँड द इकॉनॉमी इन कलोनियल इंडिया' (२०१६) हा ग्रंथ आणि लतिका चौधरी व आनंद स्वामी यांचा १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यावरील २०१७ चा निबंध ही त्याची उत्तम उदाहरणे होत. कायद्याच्या पुस्तकात काय होते एवढ्यावर न थांबता त्याची अंमलबजावणी किती खर्चाची व विलंबाची होती हे पाहण्याची त्यांची पद्धत अनुकरणीय आहे. मात्र १८७९ चा कायदा मूळचा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांचा. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. इतकेच काय, कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थानातही नव्हता. १९०२ च्या करारानंतर कायमच्या पट्ट्याने व १९०३ पासून मध्यप्रांतास जोडून त्याचा कारभार चालला, तरी सार्वभौमत्व नावापुरते का होईना निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कोणताही कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर-जनरलच्या हुकमाने तो लागू करावा लागे.

या विचित्र स्थितीचा अर्थ संशोधकांनी पुरेसा लावलेला नाही. मुंबई इलाख्याच्या धर्तीवरची रयतवारी, तीस वर्षांची जमाबंदी, मराठी बोलणारा कुणबी, सावकार आणि दिवाणी न्यायालय हे सारे वऱ्हाडात होते. कर्जदाराला संरक्षण देणारा तो कायदा मात्र नव्हता. कायद्याचा परिणाम मोजू इच्छिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला याहून चांगली तुलना कोठे मिळणार? मराठी वाचकास सावकारी व कुळ यांविषयी जे ज्ञान आहे ते रविंदर कुमार, नील चार्ल्सवर्थ, सुमित गुहा यांच्या दख्खनवरील ग्रंथांतून आलेले आहे, आणि नकळत आपण तेच वऱ्हाडला लावीत असतो.

याच कायद्याच्या इतिहासातील दुसरी एक गोष्ट रॉय यांच्या दुष्काळविषयक प्रतिपादनाच्या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. दुष्काळाचे मूळ राज्यकर्त्यांच्या हेतूत शोधण्याऐवजी हवामान, अपुरी माहिती व शासनाची मर्यादित क्षमता यांत शोधावे, असा रॉय यांचा रोख आहे. एरवीच्या आवेशपूर्ण लेखनापेक्षा हा विचार अधिक संयत आहे. परंतु क्षमता कोणत्या कामासाठी मर्यादित होती, हा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित कापूस पेठ १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे स्थापन झाली. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्यातून आलेल्या बाजार समित्यांत उत्पादक शेतकऱ्याला प्रतिनिधित्व नव्हते, ही उणीव पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगापर्यंत चर्चेत राहिली. १८९६-९७ हे दुष्काळाचे वर्ष. ज्या शासनाला त्याच सुमारास मापे, दलाली व पेठेची शिस्त यांची बारकाईने व्यवस्था लावता आली, त्याची क्षमता सरसकट तोकडी होती असे म्हणवत नाही. ती निवडक होती असे म्हणावे लागते. यावरून सत्यांचा पक्ष पूर्णतः सिद्ध होतो असेही नाही. कारण कंपनीपूर्व वऱ्हाडचे जे चित्र ते उभे करतात ते फार उजळ आहे. १८०३-०४ चा भीषण दुष्काळ कापसाच्या निर्यातीने आणलेला नव्हता. त्यामागे युद्ध आणि अवर्षण होते.

तिसरी सीमा खात्याची आहे आणि ती सर्वांत खोल आहे. रयतवारीच्या दप्तरात शेतकरी म्हणजे खातेदार. ज्याच्या नावे सर्व्हे नंबर आहे, जो सारा भरतो, तोच दिसतो. बटाईने जमीन करणारा, सालदार म्हणून राबणारा, रोजाने मजुरी करणारा हे दप्तरात क्वचितच नावानिशी येतात. कापसाची वेचणी बहुतांशी स्त्रियांच्या हातची. त्यांचे नाव खात्यावर नाही, पेठेच्या वहीत नाही आणि कापूस आयुक्ताच्या अहवालातही नाही. दुष्काळी कामांवर हजेरीपटात जी माणसे आली ती मुख्यतः याच वर्गातील असणार. तेव्हा कापसाने शेतकऱ्याचे हित केले की अहित, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या शेतकऱ्याचे, असे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही. १८६० नंतरच्या तेजीत खातेदार सुधारला व त्याच वेळी त्याच्या शेतावरचा मजूर धान्य महागल्याने बुडाला, हे दोन्ही एकाच गावी खरे असू शकेल. आणि मग सत्या व रॉय हे एकाच गावातील दोन निरनिराळ्या घरांविषयी बोलत आहेत असे ठरेल.

हा वाद केवळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा असता तर त्यासाठी इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा सुरू झाल्यापासून एकोणिसाव्या शतकाचा हा इतिहास तिची प्रस्तावना म्हणून वापरला जाऊ लागला. लँकेशायरने कापूस लादला, कापसाने कर्ज आणले, कर्जाने आत्महत्या झाल्या, अशी ती साखळी. मुंबई उच्च न्यायालयापुढील प्रकरणात टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे श्रीजित मिश्र यांनी जानेवारी २००६ मध्ये दुसरा अहवाल सिद्ध केला. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना घोषित केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासह बुलढाणा हा त्यांतला एक जिल्हा. मिश्र यांनी कारणांची अनेकता काळजीपूर्वक मांडली आहे, हे त्यांच्या अहवालाचे वैशिष्ट्य होय. पण त्यांची प्रत्यक्ष पाहणी वर्धा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांतील होती, बी. बी. मोहंती यांचा २००५ चा निबंध अमरावती व यवतमाळ येथील. बुलढाणा योजनेत आला, पण या पाहण्यांत आला नाही. शेजारच्या जिल्ह्यांतील निष्कर्ष त्याला लावले गेले. घाटावरच्या मेहकर तालुक्याची शेती यवतमाळच्या शेतीसारखी आहे की नाही, हे या पाहण्यांवरून कळण्यासारखे नाही.

इतिहासाच्या साखळीतील दोष याहून मोठा आहे. १९०० नंतर ती एकदम १९९० च्या पुढे उडी मारते. मधल्या नव्वद वर्षांत १९३० च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्ज-समझोत्याचा व १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा केला. विदर्भासाठी १९५८ साली कुळकायदा झाला. १९७२ पासून महाराष्ट्र शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली व २००२ पर्यंत चालली. या प्रत्येक टप्प्यावर कर्जाचे, भावाचे व जमिनीच्या मालकीचे स्वरूप बदलले असले पाहिजे. शिवाय आज बुलढाणा जिल्ह्याच्या खरीप हंगामात सोयाबीनने कापसाला मागे टाकले आहे. तरीही शेतकऱ्याचे संकट संपलेले नाही. मग संकटाचे मूळ कापूस या पिकात आहे की पिकापलीकडच्या कशात, पाणी, पतपुरवठा, भाव की जमिनीचे तुकडे यांत, याचा विचार 'पांढऱ्या सोन्याच्या शापा'ची भाषा बोलून होणार नाही.

आणि येथे खात्याची सीमा पुन्हा आडवी येते. आत्महत्येचे प्रकरण शासकीय मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविताना मृताच्या अगर कुटुंबाच्या नावे जमीन आहे काय, आणि बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकार यांचे कर्ज आहे काय, हे पाहिले जाते. २००५ च्या शासननिर्णयाने मदतीची रक्कम एक लाख रुपये ठरली. सातबारावर नाव नसलेला बटाईदार, परवाना नसलेल्या सावकाराकडून उसनवार करणारा, स्वतः शेत राखणारी पण खात्यावर नसलेली स्त्री यांचे मरण या निकषांपुढे टिकणे कठीण. संशोधकाने पात्र प्रकरणांच्या यादीवरून नमुना निवडला की तो नकळत हाच निकष शास्त्राच्या नावाने पुन्हा लावतो. जे खात्यावर नाही ते आकड्यात नाही, आणि जे आकड्यात नाही ते धोरणात नाही. १८७० साली सारावसुलीसाठी आखलेली व्याख्या आज मदतीच्या वाटपात माणसे वगळीत आहे. या दोन काळांना जोडणारा खरा दुवा कोणता असे विचारले, तर प्रस्तुत लेखकाच्या मते तो कापूस नसून खाते हा आहे.

यावर उपाय ग्रंथांची निंदा करण्यात नाही. बेकर्ट वा डेयुंग यांनी मोडी वाचावयास हवी होती, ही अपेक्षा रास्त नाही. ते काम आपले आहे. बुलढाण्याचेच या. मा. काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' सिद्ध केला तो विद्यापीठाच्या आश्रयावाचून. आज वऱ्हाडला स्वतःचे विद्यापीठ १९८३ पासून आहे. तरीही आपले अनेक प्रबंध बाहेरच्या ग्रंथांतील सिद्धान्त पहिल्या प्रकरणात उतरवून घेतात व उरलेल्या प्रकरणांत जिल्ह्याचे आकडे त्याखाली मांडतात. सिद्धान्त आणि आकडे यांची गाठ मात्र पडत नाही.

एक मर्यादित कार्यक्रम सुचवावासा वाटतो. घाटावरचे एक व घाटाखालचे एक अशी दोन गावे घ्यावीत. पहिल्या जमाबंदीपासून १९०५ पर्यंतची त्यांची खाती, दुय्यम निबंधकांकडील गहाणखते व खरेदीखते आणि दिवाणी न्यायालयांतील हुकूमनामे यांतून जे उपलब्ध होईल ते एकत्र मांडावे. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, तेजीत गेली की दुष्काळात गेली, एवढे जरी दोन गावांपुरते निश्चित झाले तरी सत्या व रॉय यांच्या वादात मत देण्याचा अधिकार आपणास प्राप्त होईल. त्यानंतर त्याच दोन गावांत आजची पाहणी करावी. ती करताना सातबारा बाजूस ठेवून घरोघर जावे, आणि शेत कोण करतो हे प्रथम विचारावे, शेत कोणाचे हे नंतर.

हे काम सावकाश होणारे आहे व त्याला कोणत्याही जागतिक ग्रंथात लगेच स्थान मिळेल असे नाही. परंतु पात्र-अपात्रतेचा निर्णय तहसील कचेरीत होत राहणार आहे आणि त्या निर्णयामागे कोणता ना कोणता समज असणार आहे. तो समज तपासलेला असावा एवढी जबाबदारी या जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यांवर येते.